बाकी, मुदल आणि माफी : प्रभावळीच्या सुभेदारास लिहिलेल्या पत्राचें आजचें वाचन

इतिहासाच्या विद्यार्थ्यानें चालू काळाच्या घडामोडींकडे पाहावें कीं पाहूं नये, हा वाद संशोधकमंडळींत जुना आहे. एक पक्ष म्हणतो, कागद वाचावा, मिती जुळवावी, नांवें ओळखावीं आणि स्वस्थ बसावें. वर्तमानाचा वारा दप्तराच्या खोलींत शिरला कीं कागद उडूं लागतात. दुसरा पक्ष म्हणतो, ज्या कागदापासून आज कांहींच बोध होत नाहीं तो वाळवीनें खाल्ला काय आणि राहिला काय, सारखेंच. पहिल्या पक्षाची भीति आम्हांस खरी वाटते, आणि दुसऱ्याची तक्रारहि खोटी वाटत नाहीं. परंतु हा वाद नुसत्या तत्त्वाच्या भूमिकेवर कितीहि घोळला तरी सुटणारा नव्हे. एखादा कागद घ्यावा, त्याच्या शेजारीं आजची एखादी घडामोड ठेवावी, आणि दोहोंचा संबंध कोठवर लागतो व कोठें तुटतो हें प्रत्यक्ष पाहावें, म्हणजे कांहीं उमज पडेल. तसा एक प्रयत्न येथें करीत आहों.

कागद वाचकांच्या परिचयाचाच आहे. श्रीशिवछत्रपतींनीं मामले प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेलें हें पत्र. प्रभावळी म्हणजे आजच्या रत्नागिरी जिल्ह्यांतील लांजें तालुक्यांतलें प्रभानवल्ली व त्याच्या भोंवतालचा मुलूख. पत्राची मिती राज्याभिषेक शक ३, नल संवत्सर, भाद्रपद शुद्ध ८. म्हणजे शालिवाहन शके १५९८, इंग्रजी जुन्या पद्धतीनें ५ सप्टेंबर १६७६ आणि आज चालू असलेल्या ग्रेगरी पद्धतीनें १५ सप्टेंबर. दोन्ही रीतींनीं गणित केलें असतां त्या दिवशीं मंगळवार पडतो. मिती जुळविण्याचा हा खटाटोप विद्यार्थ्यांस कंटाळवाणा वाटतो; परंतु पत्र भाद्रपदांतलें आहे एवढें कळतांच तें निराळें दिसूं लागतें. कोंकणांत त्या वेळीं भात पोटरींत असतें, घरांतले मागील सालचे दाणे सरत आलेले असतात, आणि दीड-दोन महिन्यांत कापणी व तिच्यामागोमाग वसूल यावयाचा असतो. सुभेदारास सूचना देण्याला याहून योग्य वेळ नाहीं.

घडामोडहि तितकीच परिचयाची. २०१७ च्या जूनच्या पहिल्या तारखेस पुणतांब्याच्या शेतकऱ्यांच्या पुढाकारानें राज्यांत शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, आणि त्याच महिन्यांत महाराष्ट्र सरकारनें दीड लाख रुपयांपर्यंतचें थकित पीककर्ज माफ करणारी योजना जाहीर केली. तिचा अंदाजी बोजा सुमारें ३४ हजार कोटि रुपये सांगण्यांत आला. योजनेस नांव दिलें तें छत्रपति शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना. पुढें २०१९ च्या डिसेंबरांत दुसऱ्या सरकारनें दुसरी योजना काढली, तिची मर्यादा दोन लाख रुपये आणि नांव महात्मा जोतीराव फुले यांचें. या नांवांमुळें रामाजी अनंताच्या पत्राचे उतारे वृत्तपत्रांत, सभांत आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांत येऊं लागले. आणि येतांना बहुधा अर्धेमुर्धेच आले.

यांतलें सर्वांत गमतीचें उदाहरण दोन लाखांचें. पत्रांत दोन लाख लारीपर्यंत खर्च करण्याची सुभेदारास मुभा आहे, आणि २०१९ च्या योजनेची मर्यादाहि दोन लाख. आंकडा आंकड्यास जुळला कीं विद्यार्थ्याचें मन आनंदतें, आणि तें आनंदलें कीं पुढचें वाचन थांबतें. वास्तविक एकीकडचे दोन लाख हे सबंध मामल्याच्या लागवडीसाठीं सुभेदाराच्या हातीं दिलेली रक्कम, आणि दुसरीकडचे दोन लाख हे एकेका खातेदाराची कमाल मर्यादा. शिवाय लारी म्हणजे रुपया नव्हे. इराणांतील लार या गांवावरून नांव पडलेलें, रुप्याची तार दुमडून तीवर ठसा उठविलेलें तें नाणें; आदिलशाहींतहि तें पाडीत आणि कोंकणच्या बंदरांतून तें चालत असे. ज्यांच्या संग्रहीं अशा लाऱ्या आहेत त्यांनीं एखादी विद्यार्थ्याच्या तळहातावर ठेवावी. दोन्ही दोन लाखांमधलें अंतर त्यास कोणत्याहि व्याख्यानापेक्षां लौकर कळेल.

दुसरें उदाहरण भाजीच्या देठाचें. या पत्रांतील हा उल्लेख महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं झाला आहे, आणि तो असा सांगितला जातो कीं, रयतेच्या भाजीच्या देठासहि हात लावूं नये अशी ताकीद महाराजांनीं आपल्या शिपायांस दिली. पत्र उघडून पाहावें. तो उल्लेख आरंभींच येतो. चोरी न करतां इमानें काम करीन अशी जी शपथ सुभेदारानें वाहिली होती तिची आठवण करून देतांना येतो. आणि त्याचा रोख सुभेदाराच्या स्वतःच्या मनाकडे आहे. हात तर राहोच, मनहि जाऊं नये, असा त्याचा भाव. म्हणजे हा विषय हाताखालच्या अंमलदाराच्या लांचखाऊपणाचा व अपहाराचा. फौजेनें रयतेचे दाणे, गवत, लांकडें, भाजीपाला लुबाडूं नये ही ताकीदहि महाराजांनीं खरोखरच दिलेली आहे. पण ती दुसऱ्या पत्रांत, चिपळुणाजवळ दळवटण्यास छावणीस राहिलेल्या लष्करास, राज्याभिषेकापूर्वीं दिलेली. लोकांच्या तोंडीं दोन पत्रांचें एक झालें. दोन्हींचा आशय चांगलाच आहे, मग बिघडलें कोठें, असें कोणी म्हणेल. बिघडलें तें असें कीं, शिपायास उद्देशून आहे असें मानलें म्हणजे तें वचन कचेरींतल्या मेजास लागत नाहीं.

आतां मुख्य गोष्टीकडे येऊं. पत्रांत शेतकऱ्याच्या पैशाच्या दोन निरनिराळ्या बाबी आहेत आणि त्या निरनिराळ्याच ठेविलेल्या आहेत. पहिली बाब नव्या भांडवलाची. सुभेदारानें गांवोगांव फिरावें, गांवांतले कुणबी गोळा करावे, कोणाच्या घरीं किती माणूसबळ व किती बैल आहेत तें पाहावें. ज्याच्यापाशीं सर्व आहे त्याच्याविषयीं प्रश्नच नाहीं. ज्याला शेत करण्याची ताकद आहे, माणसें आहेत, परंतु बैल-नांगर नाहीं किंवा पोटास दाणे नाहींत म्हणून जो अडून राहिला आहे, त्याला बैलांसाठीं रोख पैसे द्यावे आणि खाण्यास खंडी-दोन खंडी दाणे द्यावे. पुढें हें सर्व परत घ्यावयाचें आहे. मात्र वाढीदिडी न करतां, नुसतें मुदल, आणि तेंहि त्याच्या ऐपतीप्रमाणें हळूहळू. वाढीदिडी हा शब्द आजच्या विद्यार्थ्यास व्याज या एका शब्दानें सांगून चालत नाहीं. तो धान्याच्या उसनवारींतला शब्द आहे. दिढी म्हणजे पेरणीस घेतलेल्याची सुगीस दीडपट फेड. चार-सहा महिन्यांत निम्मी वाढ, हा त्या काळच्या खेड्यांतला नित्याचा व्यवहार होता, आणि त्याच्याशीं ताडून पाहिलें म्हणजेच नुसत्या मुदलाची सवलत केवढी होती याचा अंदाज येतो.

दुसरी बाब मागील बाकीची. बाकी म्हणजे सावकाराचें देणें नव्हे, तर सरकारसाऱ्याची तुंबलेली रक्कम. जो कुणबी पुढें कष्ट करण्याची उमेद धरतो पण मागली बाकी ज्याच्यानें देववत नाहीं, त्या बाकीच्या ओझ्याखालीं जो मोडून निकामी होऊं पाहतो, त्याची बाकी सुभेदारानें एकेक कूळ पाहून माफ करावी, काय माफ केलें तें महाराजांस कळवावें, म्हणजे माफीची सनद मिळेल, असें पत्रांत आहे.

तेव्हां माफी पत्रांत नाहीं असें म्हणणारे चुकतात, आणि शिवाजी महाराजांनीं कर्जमाफी दिली असें म्हणणारेहि चुकतात. दिलेलें कर्ज मुदलानें परत घ्यावयाचें आणि न आलेला सारा कुळवार सोडावयाचा, अशी ती व्यवस्था. सरकारनें सोडलें तें सरकारचें स्वतःचें येणें होतें. २०१७ व २०१९ च्या योजनांत धनको बँक व सोसायटी, ऋणको शेतकरी, आणि पैसा भरणारें सरकार हा तिसरा. हा त्रिकोण १६७६ च्या पत्रांत कोठेंहि नाहीं. सावकाराचा तर पत्रांत उल्लेखच नाहीं. त्यावरून प्रभावळींत सावकार नव्हते असें अर्थातच म्हणतां येणार नाहीं. सुभेदाराच्या हुकमांत त्यांचें कारण पडलें नाहीं, एवढेंच.

मग या पत्राचा आजच्या कोणत्या गोष्टीशीं खरा सांधा जुळतो? आमच्या मतें तो माफीच्या योजनांपेक्षां व्याजसवलतीशीं अधिक जुळतो. वेळेवर फेडणाऱ्या शेतकऱ्याच्या पीककर्जाच्या व्याजाचा भार सरकारनें उचलावा, अशा योजना केंद्राच्याहि आहेत आणि महाराष्ट्रांत डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नांवाचीहि आहे. मुदल घ्या, वाढ घेऊं नका, हें सूत्र तेथें आहे. परंतु तेथेंहि एक तफावत राहते, आणि ती मोठी आहे. आजची सवलत वेळेवर फेडणारास मिळते. पत्रांतली ज्याच्यापाशीं बैलहि नाहीं त्यास, आणि फेडीची वेळ त्याच्या अंगांत बळ येईल तेव्हांची. पत्रांतला त्यासाठींचा शब्द तवाना हा फारसी आहे. त्याचा अर्थ सशक्त. शेतकरी सशक्त होणें ही फेडीची मुदत. कोणत्याहि बँकेच्या वहींत असा रकाना असणें शक्य नाहीं, आणि त्याबद्दल बँकेस दोष देण्यांतहि अर्थ नाहीं; ती ठेवीदारांचा पैसा सांभाळते, आणि सुभेदार राज्याचा सांभाळीत होता.

या ठिकाणीं भाविकपणाची एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पत्रांतली उदारता निरपेक्ष नाहीं. दोन लाख लारीचा खर्च मान्य आहे तो पडीक जमीन लागवडीस येऊन महसूल वाढेल या हिशेबानें. यांत आम्हांस कांहींच कमीपणा वाटत नाहीं. उलट चांगल्या प्रपंची माणसाची ती दृष्टि आहे. परंतु निबंधांतून पत्राला दयेचें स्तोत्र बनविलें म्हणजे त्यांतला हिशेब नाहींसा होतो, आणि हिशेब गेला म्हणजे आजच्या योजनांना विचारण्याजोगा मुख्य प्रश्नच हरवतो. खर्चिलेल्या पैशानें किती पडीक जमीन उठली, किती कुळें पुन्हां उभीं राहिलीं, हें पत्र विचारतें. तें आजहि विचारण्यास हरकत नसावी.

आणखी एका कलमाकडे विद्यार्थ्यांचें लक्ष क्वचितच जातें. रयतेपासून धान्याच्या ऐवजीं रोकड घेऊं नये, पिकलेला जिन्नस जिन्नसच घ्यावा, आणि तो सांठवून योग्य वेळीं विकावा. नारळ, खोबरें, सुपारी, मिरें यांचीहि तीच रीत, असें पत्रांत बजाविलेलें आहे. मुलखांत बटाईची पद्धत चालू होती, म्हणजे पिकाचे रयतेचा वांटा व राजाचा वांटा असे भाग पडत. सुगींत भाव पडलेला असतां शेतकऱ्यास माल विकून नाणें आणावयास लावलें तर पडत्या भावाची तूट त्याच्या अंगावर बसते. जिन्नस घेतला तर ती जोखीम सरकारच्या कोठारांत जाते, आणि भाव चढल्यास नफाहि सरकारास होतो. कंपनी सरकारनें १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून रयतवारी मोजणीचा जो क्रम लावला त्यांत सारा रोख व ठरीव झाला. ठरीव असल्यामुळें अंमलदाराच्या मनमानीस आळा बसला हें नाकारतां येत नाहीं. पण पीक येवो न येवो, भाव असो नसो, हप्त्याच्या दिवशीं नाणें हवें, आणि नाणें सावकाराच्या पेढीवर. अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ सालीं संपून कापसाचा भाव कोसळला, पुढें फेरमोजणींत सारा चढला, आणि १२ मे १८७५ रोजीं सुप्यास सावकारांविरुद्ध दंगा पेटला. त्यांत जाळलें काय? मुख्यत्वें खतें व रोखे. दंगेखोरांस कागदाची किंमत आमच्याइतकीच ठाऊक होती, असें म्हटलें पाहिजे.

या दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला आणि कर्जाचा मूळ व्यवहार काय होता तें रोख्याच्या पलीकडे जाऊन पाहण्याचा अधिकार न्यायाधीशांस मिळाला. १८८३ व १८८४ च्या कायद्यांनीं तगाईची रीत बांधून दिली. पण ती सव्याज. जोतीराव फुले यांनीं शेतकऱ्याचा असूड लिहून पुरा केला तो याच १८८३ सालीं. त्या ग्रंथांत कर्जाचा विचार सुटा नाहीं. सारा, अंमलदार, अविद्या, जमिनीची धूप, पाण्याचे बंधारे आणि जनावरांची पैदास हीं सर्व एकत्र येतात. २०१९ च्या योजनेस त्यांचें नांव आहे तेव्हां विद्यार्थ्यानें तो ग्रंथ काढून त्यांत बंधाऱ्यांविषयीं काय म्हटलें आहे तें वाचावें. नांवावरून ग्रंथाकडे जाण्याची वाट वर्तमानानें आपण होऊन उघडून दिली आहे, ती टाकूं नये.

कापणींत भाव पडतो तेव्हां माल कोणीं धरून ठेवावा, हा प्रश्न आजहि जसाच्या तसा आहे. हमीभावासाठीं १९६५ सालीं नेमलेला कृषिमूल्य आयोग, शेतमाल गहाण ठेवून मिळणारीं तारणकर्जें, २०२० च्या तीन शेतकी कायद्यांवर झालेलें आणि २०२१ सालीं ते कायदे मागें घेतल्यावर थांबलेलें दिल्लीच्या सीमेवरचें आंदोलन, या सर्वांच्या मुळाशीं पडत्या भावाची जोखीम कोणाच्या शिरावर असावी हीच तक्रार होती. भाद्रपद शुद्ध ८ चें पत्र या वादांत कोणाचाहि पक्ष घेऊं शकत नाहीं. बटाईचें राज्य गेलें, बाजार पालटला, सरकार पिकाचा वांटा घेत नाहीं. पण जोखमीचा प्रश्न त्या काळच्या राज्यकर्त्यास दिसला होता आणि त्यानें तो एका विशिष्ट रीतीनें सोडविला होता, हें दाखवून देण्याइतका त्याचा अधिकार निश्चित आहे.

वर्तमानाकडे पाठ फिरवा म्हणणाऱ्या मंडळींस येथें एक विनंति करावीशी वाटते. बाकीमाफीचें कलम पूर्वींहि छापलेलेंच होतें. परंतु पत्राच्या शेवटाकडचें तें कलम, देठाच्या तेजापुढें कोणाच्या फारसें नजरेंत भरलें नाहीं. २००८ सालीं केंद्र सरकारनें लहान शेतकऱ्यांचें कर्ज माफ केलें, पाठोपाठ राज्यांच्या योजना आल्या, तेव्हां त्या कलमाकडे पुन्हां पाहण्याची गरज उत्पन्न झाली. म्हणजे कागदावरची एक ओळ चालू काळाच्या रेट्यानें वाचली गेली. असाच दुसरा प्रसंग २०२३ पासून चालू आहे. कुणबी नोंदींच्या शोधार्थ सरकारी समिति नेमली गेली आणि मोडी वाचणारांस, ज्यांना कालपर्यंत कोणी विचारीत नव्हतें, एकाएकीं मागणी आली. यांतून दप्तरें उघडलीं हें चांगलेंच. मात्र रामाजी अनंताच्या पत्रांतला कुणबी म्हणजे शेत करणारा माणूस. त्या शब्दावर आजच्या दाखल्यांच्या वादाचा भार टाकूं नये, एवढें शिक्षकांनीं विद्यार्थ्यांस बजावावें.

सर्वांत अवघड प्रश्न शेवटीं उरतो. पत्र म्हणजे हुकूम. हुकूम म्हणजे अंमल नव्हे. रामाजी अनंतानें किती गांवें फिरलीं, किती बैल दिले, किती बाकी सोडली, मुदल किती वर्षांनीं परत आलें, हें त्या पत्रावरून कळत नाहीं, आणि आजच्या योजनांशीं खरी तुलना करावयाची तर नेमकें तेंच हवें. शासननिर्णयाच्या शेजारीं राजाज्ञा ठेवणें सोपें. लाभार्थ्यांच्या यादीशेजारीं ठेवण्याजोगें काय आहे? अठराव्या शतकापुरतें पुण्याच्या पेशवेदप्तरांत पुष्कळ आहे : तगाईचे हिशेब, पडीक जमिनीचे कौल, दरसाल थोडा थोडा चढणारा इस्तावा, गांववार बाक्या. सतराव्या शतकासाठीं मात्र देशमुख-देशपांडे, कुळकर्णी, खोत यांच्या घरच्या रुमालांखेरीज आशा नाहीं.

आणि या रुमालांची स्थिति संग्राहकांस ठाऊक आहे. मुद्रा असलेलें पत्र कांचेंत जातें, त्याच रुमालांतला बैलांच्या किंमतीचा बंद मात्र पोत्यांत राहतो, कारण त्यावर ना राजाचें नांव ना मोर्तब. कित्येकदां रुमाल विकत घेतांना विकणाराच असले बंद निराळे काढून रद्दींत घालतो, आणि रुमालाचा मूळ क्रम मोडला म्हणजे उरलेल्या पत्रांचाहि अर्धा अर्थ जातो. कोंकणांतल्या, विशेषतः लांजें, राजापूर व संगमेश्वर या तालुक्यांतल्या घराण्यांच्या कागदांत ज्या ज्या बंदावर बैल, दाणे, मुदल, बाकी किंवा माफी यांपैकीं एखादा शब्द दिसेल तो बंद, जीर्ण असला आणि मिती फाटून गेली असली तरी, रुमालांतल्या जागेवरून न हलवितां त्याचें टिपण करावें; गांवाचें व कुळाचें नांव, आंकडे आणि मागील-पुढील बंदांची मिती एवढें टिपणांत आलें म्हणजे पुरे. छायाचित्र सहज काढतां येत असेल तर तें दोन्ही बाजूंचें काढावें. पाठीवर पुष्कळदां वसुलाच्या खुणा असतात.